वीतभर चित्रांविषयी

वेंगुर्ले,
आषाढ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. घरचं सगळं ठीक असल्याचं वाचून बरं वाटलं. शेवटी तू विचारलं आहेस, ‘अजून ती वीतभर चित्रंच काढतोस ना रे? दाराशी एवढा समुद्र आहे, एकदा भिंतभर कॅनव्हास लाव की.’ हे तू आधीही विचारलं होतंस, पण त्याचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नाही. आज सकाळपासून पाऊस धरून आहे, रंगवण्याजोगा उजेड नाही, तेव्हा निवांत लिहितो.

समुद्र उद्याही असणार आहे. बांगडा असणार नाही. माझ्या चित्रांचा आकार एवढ्याच गोष्टीवर ठरला आहे.

सध्या मासेमारी बंद आहे, पण दिवाळीच्या सुमारास तू कधी सकाळी बंदरावर आलास तर ताजा बांगडा हातात घेऊन बघ. पाठ निळसर हिरवी, आणि तिच्यावरून शेपटीकडे जाणाऱ्या बारीक रेघा. मासा अगदी ताजा असला तर या रेघा सोनेरी दिसतात. मग त्या काळवंडतात. बाजारातून घरी येऊन तो मासा परातीत पडेपर्यंत बहुतेकदा काळ्याच झालेल्या असतात. मी ती सोनेरी रेघ पकडायला बसतो. त्यासाठी माझ्याकडे फार तर तास-दीड तास असतो, आणि तेवढ्या वेळात सहा बाय आठ इंचांचा बोर्ड भरतो. त्याहून मोठा घेतला तर उरलेला भाग आठवणीने रंगवावा लागेल, आणि आठवणीतला बांगडा सगळ्यांचा सारखाच असतो. बंदरावर एक म्हातारी मला नेहमी विचारते, “मासो रंगवतलस काय खातलस?” मी सांगतो, आधी रंगवतो, मग खातो. तिला ते पटतं. शिळा होईपर्यंत ठेवणार नाही याची तिला खात्री हवी असते.

माशाचा चंदेरी रंग कुठल्या ट्यूबमध्ये मिळत नाही हे तर तुला माहीत आहे. मासा आरसा असतो. वरच्या अंगाला आभाळाचा करडा रंग घेतो, पोटाखाली जमिनीचा. आमच्या खळ्यातली, म्हणजे अंगणातली, जमीन तांबडी, पायरीचे चिरे तांबडे, त्यामुळे आमच्या बांगड्याचं पोट खालून किंचित गुलाबी दिसतं. मुंबईच्या फरशीवर ठेवलास तर दिसणार नाही. मी पांढऱ्यात निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट अंबर मिसळून चार-पाच करडे रंग आधीच पॅलेटवर लावून ठेवतो, एक थंड, एक जरा ऊबदार, असे. मग रंग मिसळायची सुरी बाजूला ठेवून ब्रशच हातात घेतो आणि डोळे बारीक करून बघतो. डोळे बारीक केले की खवले, डोळा, कल्ले सगळं नाहीसं होतं आणि फक्त काळोख आणि उजेड राहतो. सुरुवात काळोखाकडून. सगळ्यात उजळ ठिपका, डोळ्यावरचा किंवा ओल्या कल्ल्यावरचा, सगळ्यात शेवटी, जाडसर, एकदाच टेकवायचा. त्यावर परत ब्रश फिरवायचा नाही.

बोर्ड आदल्या आठवड्यात तयार करून ठेवलेले असतात. कॅनव्हास मी जवळजवळ सोडलाच आहे. आमच्या हवेत त्याला मागून बुरशी धरते, आणि पावसाळ्यात तो सैल पडतो. त्यापेक्षा चांगला हार्डबोर्ड, दोन्ही बाजूंनी आणि कडांना अॅक्रिलिकचा जेसो, रंगाखाली द्यायचा पांढरा लेप, म्हणजे ओल आत शिरत नाही. जेसो वाळला की त्यावर बर्न्ट सिएनाचा पातळ हात. पांढऱ्या बोर्डावर कुठलाही रंग काळाच वाटतो आणि माणूस घाबरून सगळं फिकं रंगवतो. तांबूस जमिनीवर रंगाची खरी गडदता लगेच कळते. शिवाय मधेमधे ती जमीन उघडी राहिली तरी चालते, कारण आमच्याकडे ती खरोखरच सगळ्याच्या खाली आहे.

आता उजेडाबद्दल. यावर मी कितीही लिहू शकतो, तेव्हा कंटाळलास तर पुढच्या पानावर जा.

आमचं घर तू पाहिलं आहेस. छप्पर इतकं उतरतं की पडवीत शिरताना तुझ्यासारख्या उंच माणसाला वाकावं लागतं. पावसाला अडवायला केलेलं हे छप्पर आभाळाचा उजेडही अडवतं. त्यामुळे माजघरात जो उजेड येतो तो वरून येतच नाही, खळ्यातल्या जमिनीवर आपटून खालून वर येतो. तांब्याची, वाडग्याची, नारळाची खालची बाजू उजळलेली असते आणि वरची अंधारात. चित्रकलेच्या वर्गात शिकवतात त्याच्या बरोबर उलटं. तिथे उत्तरेची उंच खिडकी, थंड उजेड, ऊबदार सावली, असा सगळा हिशोब असतो. इथे मला तो हिशोब विसरून, समोर काय दिसतं ते नव्याने बघावं लागलं. मी ज्याला सावली म्हणत होतो ती नारिंगी झाक असलेली, खालून पेटलेली जागा होती.

याला अपवाद फक्त स्वयंपाकघरातल्या काचेच्या कौलाचा. सकाळी तिथून एक कवडसा विळीच्या बाजूला पडतो आणि जमिनीवरून सरकत, पाण्याच्या कळशीवर चढून, भिंतीला लागून जातो. तो कळशीवर असतो तेवढा वेळ माझा. सरकला की मी ब्रश खाली ठेवतो, चित्र अर्धं असलं तरी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बसता येतं, पण आभाळ तसंच असेल याचा भरवसा नाही, म्हणून अर्धं राहिलेलं चित्र मी बहुतेक अर्धंच ठेवतो. तशी काही अर्धी चित्रं मला पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त आवडतात. फोटो काढून त्यावरून रंगवावं असं तू सुचवलं होतंस. कॅमेरा काचेच्या कौलाखालचा उजेड पांढराफटक करतो आणि माजघराची सावली काळी. मला ज्या नारिंगीसाठी बसायचं असतं तीच त्यात नसते.

हे तैलरंग कोकणात परके आहेत, असं मला सुरुवातीला वाटायचं. आपल्या घरात तेल म्हणजे खोबरेल. ते बोर्डावर लावलंस तर जन्मात वाळणार नाही. ट्यूबमधलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि घट्ट होतं. पाणी उडून सुकतं तसं त्यात काही उडून जात नाही, उलट वाळताना तेलाचं वजन थोडं वाढतं. खोबरेलात तो गुण नाही. जवस पिकतो विदर्भात, म्हणजे माझ्या चित्रातला बांगडा वेंगुर्ल्याचा आणि तेल कदाचित नागपूरकडचं. आता मला त्यात परकं काही वाटत नाही. पावसाळ्यात मात्र या तेलाचा स्वभाव सांभाळावा लागतो. वाळायला वेळ लागतो, म्हणून काळ्या रंगाची ट्यूब मी उघडतच नाही. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो. त्याऐवजी अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून काळोख करतो. अंबरमध्ये मॅंगनीज असतं, त्याने तेल लवकर घट्ट होतं. आणि वाळलेली चित्रं कपाटात कोंडायची नाहीत. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं, उजेडात आणलं की बरंचसं निवळतं.

तू विचारलं आहेस, हे सगळं कुणाकडून घेतलंस. लहानपणी बाबांबरोबर सावंतवाडीला गेलो की चितारआळीत थांबायचो. लाकडाची फळं रंगवणारे कारागीर बसलेले असायचे. लाकडाचं सीताफळ, लाकडाचा आंबा. आंब्याच्या देठाशी पिवळ्यातून तांबड्यात जाणारी ती छटा बघत मी उभा राहायचो. आणि तिथल्याच गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते. हातात मावणारी गोल पानं, दशावताराच्या संचात एकशेवीस, दहा अवतारांची बारा-बारा. प्रत्येक पान हे एक पूर्ण चित्र, आणि ते भिंतीवर टांगायचं नसून हातात धरून खेळायचं. चित्र हातात धरण्याएवढं असू शकतं हे मला तिथे कळलं. लहान चित्र म्हणजे मोठ्या चित्राची तयारी, असं नंतर शिकवलं गेलं, पण ते माझ्यात कधी रुजलं नाही, याचं कारण गंजिफा.

हातात दिवा घेतलेल्या बाईचं ते चित्र तुला आठवत असेल, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, ज्याला पुष्कळ लोक राजा रविवर्म्याचं समजतात. ते सावळाराम हळदणकरांचं, आणि हळदणकर सावंतवाडीचे, जन्म १८८२ चा. जलरंगात आहे ते. बोटांच्या फटीतून येणारा दिव्याचा तांबडा उजेड बघ. एका घरातल्या एका दिव्याचं चित्र आहे, बाकी काही नाही. आणि अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे. एखादं पान, घड्याळ, अशा साध्या वस्तूंना त्यांनी कॅनव्हासवर जी मोकळी जागा दिली, तिचा मी अजून विचार करतो. माझी वाट त्यांच्यापेक्षा वेगळी आहे, मला वस्तूला तिच्या जागेवरून हलवायचं नसतं. पण वस्तूकडे इतका वेळ बघता येतं, हे त्यांच्यामुळे पटलं.

परक्यांपैकी फ्रेंच चित्रकार शार्दँ. १७२८ मध्ये त्यांना पॅरिसच्या अकादमीत ज्या दोन चित्रांवर घेतलं, त्यांतलं एक माशाचं. मासा म्हणजे आपलं पाकट, पोट फाडून आकड्याला टांगलेलं, शेजारी मांजर, शिंपले, सुरी. देवादिकांची, लढायांची चित्रं श्रेष्ठ मानणाऱ्या त्या काळात हा माणूस स्वयंपाकघरातलं पाकट घेऊन गेला. आपल्याकडच्या कुठल्याही गाबिताला, मासेमारी करणाऱ्या माणसाला, ते चित्र दाखव, तो आधी मासा किती ताजा आहे ते सांगेल. आणि दुसरे फ्रेंच चित्रकार, एदुआर माने. १८८० मध्ये त्यांनी ॲस्परॅगसच्या जुडीचं चित्र आठशे फ्रँकला विकलं, घेणाऱ्याने हजार पाठवले, तर मानेंनी एकाच दांड्याचं आणखी एक लहानसं चित्र काढून पाठवलं, तुमच्या जुडीत एक दांडा कमी पडला होता म्हणून. ते दुसरं चित्र साधारण माझ्या बोर्डांएवढंच आहे. संगमरवराच्या कडेवर एक दांडा, बस. जुडीपेक्षा मला तेच मोठं वाटतं.

तुझ्या शेवटच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. तू लिहितोस, की इथल्या हॉटेलांना माडांची, होड्यांची, मावळत्या सूर्याची मोठी चित्रं हवी असतात, आणि पैसेही बरे देतात. ती काढणाऱ्यांबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, सगळ्यांना घर चालवायचं आहे. पण ती चित्रं बाहेरून आलेल्या माणसाच्या डोळ्यांतलं कोकण दाखवतात. मला जे माहीत आहे ते मांगराच्या भिंतीला टेकवलेलं इरलं, पेजेचं भांडं, सोललेल्या नारळाच्या सोडणांचा ढीग, उन्हात टाकलेली कोकमं. वैशाखात रातांबे फोडून सालं वाळत घालतात, ती पुन्हा पुन्हा आगळात, म्हणजे रातांब्यांच्याच रसात, बुडवून वाळवतात, आणि दर वेळी त्यांचा रंग एक पायरी खाली उतरतो, तांबड्यातून जांभळ्यात, जांभळ्यातून काळ्यात. यंदा मी तोच क्रम रंगवला, एकेका दिवसाचं एकेक चित्र. तांबड्यासाठी जुना अलिझरिन वापरला नाही, तो उजेडात उडतो. टिकाऊ म्हणून मिळतो तो घेतला. कोकमाचा रंग घरोघरी बरणीत वर्षभर टिकतो, माझ्या चित्रातून तो दहा वर्षांत उडाला तर मला चालणार नाही.

मोठं चित्र कधीच काढणार नाही असं नाही. एखादी गोष्ट पुरेशी सावकाश बदलणारी भेटली की काढेन. परड्यातल्या विहिरीच्या चिऱ्यांवर पावसाळाभर चढत जाणारं शेवाळ बघतोय सध्या. त्याला चार महिने मिळतात, म्हणजे बहुधा हातभर बोर्ड लागेल.

यासोबत कोकमांच्या त्या क्रमातलं एक चित्र पाठवतो आहे, तिसऱ्या उन्हातलं. हाताला कोरडं लागेल, पण आत अजून वाळतंय, तेव्हा वर्षभर तरी वार्निश लावू नकोस आणि काचेत बसवू नकोस. उन्हाच्या तिरिपेत नको, पण उजेड असलेल्या भिंतीवर लाव. चतुर्थीला येतो आहेस ना? गणपतीच्या वर टांगतात त्या माटवीला बांधायचं कवंडाळाचं रानफळ आणि तेरडा मला या वर्षी रंगवायचा आहे, तू असलास तर रानात जाऊन आणायला सोबत होईल. येताना टिटॅनियम व्हाइटच्या दोन मोठ्या ट्यूब आणि सहा नंबरचा एक चपटा, राठ केसांचा ब्रश घेऊन ये. पैसे इथे आल्यावर देतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र