टँकरची वही कोणाची?

मा. संपादक,

मे महिन्यात आमच्या वाड्यावर टँकर किती वेळा आला, एवढेच मला जाणून घ्यायचे होते. आमच्या मोजणीने चार वेळा. बिल जास्त फेऱ्यांचे गेल्याची कुजबुज होती, म्हणून दहा रुपये भरून माहिती हक्काखाली लॉगबुकची प्रत मागितली. उत्तर एका ओळीचे आले: 'सदर वही कंत्राटदाराच्या चालकाकडे असते, ती सरकारी अभिलेख नाही.'

मी तीस वर्षे सरकारी कचेरीत कारकुनी केली. फायलीला लाल फीत बांधता बांधता बोटांना घट्टे पडले, पण हे शास्त्र नवीनच ऐकले. माहिती हक्क कायदा, २००५ चे कलम २(च) काढून बघा. माहितीच्या व्याख्येत ई-मेल, परिपत्रके, करार यांच्या रांगेत लॉगबुक हा शब्द सरळ छापलेला आहे. पुढे २(झ) मध्ये अभिलेख म्हणजे कागद, फाईल, आणि संगणक किंवा इतर कुठल्याही उपकरणातून तयार झालेला मजकूरसुद्धा. शिक्का पाहिजे, लेटरहेड पाहिजे, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. राहिला ताब्याचा मुद्दा. कलम २(ञ) नुसार माहिती सरकारी कार्यालयाकडे असली काय किंवा त्याच्या नियंत्रणाखाली असली काय, ती मागता येते. ज्या वहीवरच्या सह्या मोजून सरकार पैसे देते, ती सरकारच्या नियंत्रणात नाही म्हणणे म्हणजे हद्दच झाली.

ती वही मी पाहिली आहे. शंभर पानी, पुठ्ठ्याला सुतळी, भिजून फुगलेली. तारीख, फेरी, लिटर, सही असे रकाने पट्टीशिवायच आखलेले. शेजारची वहिनी फणसाचे गरे काढत बसली होती. चालकाने 'सही कर गे' म्हणून वही पुढे केली, आणि तिने चीक लागू नये म्हणून तेल चोपडलेल्या हातानेच सही ठोकली. पानावर अंगठ्याएवढा तेलाचा डाग पडला. त्या दिवशी फेरी एकच झाली होती. वहीत किती लिहिल्या, ते मला बघायचे आहे.

चालक प्रत्येक फेरीनंतर व्हॉट्सॲपवरही 'टाकी भरली' असा फोटो वर पाठवतो. तेही मागितले तर 'मोबाईल खासगी आहे'. फोन खासगी असेल हो, पण काम तर पाणीपुरवठ्याचे आहे ना?

दिल्लीच्या आधी, १९९७ सालीच गोव्याने स्वतःचा माहिती हक्क कायदा केला होता. त्या गोव्यात लॉगबुक म्हणजे काय हे अजून शिकवावे लागते.

तीस दिवसांच्या मुदतीत पहिले अपील केले आहे. सुनावणीला वहिनीला सोबत नेणार आहे. वही आणलीच, तर डाग ओळखायला ती हवी.

- एक निवृत्त कारकून, पेडणे