पहिल्या नेमणुकीआधी

वेंगुर्ले

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

परराष्ट्र सेवेत शिकायच्या भाषेच्या पसंतीत तू फ्रेंच लिहिलीस हे कळल्यापासून शेजारीपाजारी तुला पॅरिसला पोचवून मोकळे झालेत. तुला डाकार, आबिजान अशी पश्चिम आफ्रिकेतली फ्रेंच बोलणारी शहरं हवीत म्हटल्यावर आजीचा चेहरा बघायला हवा होतास. "आफ्रिकेत कित्याक? लंडन गावणा नाय काय?"

मला नवल वाटलं नाही. आपल्याकडची काजू बी मार्च ते मे. पुढे कारखाना चालतो तो आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, टांझानियाच्या बीवर. आउटटर्न, म्हणजे बीमागे निघणारा गर, कमी निघाला की त्या देशांना मी काय काय बोलतो, ते तू लहानपणापासून ऐकत आलीस. म्हणूनच हे लिहितोय.

२०१८ मध्ये टांझानियात व्यापाऱ्यांनी भाव पाडला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी सगळा काजू खरेदी करायला थेट सैन्य उतरवलं. पुढे बेनिनने १ एप्रिल २०२४ पासून कच्ची बी बाहेर पाठवायलाच बंदी ठरवली. आमच्या धंद्यातली माणसं चिडली, मीही चिडलो. पण त्यांच्या बाजूने बघ. बी त्यांच्या झाडाची, आणि फोडण्या-सोलण्याची मजुरी मात्र इथल्या किंवा व्हिएतनामच्या बायकांना. ती मजुरी आपल्या गावात राहावी असं त्यांना वाटलं तर त्यात गैर काय?

उद्या तू तिथे असलीस तर आमच्यासारख्यांची निवेदनं तुझ्या टेबलावर येणार. मी तर म्हणेनच, बंदी उठवून आण. तू मात्र दिल्लीला खरं तेच कळव: हे देश आज ना उद्या स्वतःची बी स्वतः फोडणार, तर त्यांना यंत्रं द्या, शिकवायला माणसं द्या. बापाचा कारखाना तुझ्या अहवालात डोकावता कामा नये.

आप्पा पंतांची चरित्रकथा तू वाचली असशीलच. औंधच्या राजाचा मुलगा, १९४८ मध्ये भारताचा आयुक्त म्हणून नैरोबीला गेला. केनिया तेव्हा ब्रिटिशांचा. तिथल्या भारतीय दुकानदारांना वाटलं असणार, आपला माणूस आला. पण नेहरूंचं धोरण वेगळं होतं: आफ्रिका आफ्रिकनांची, त्यांचं हित आधी. आप्पासाहेबांनी ते नुसतं भाषणात ठेवलं नाही. केनियाटांसारख्या पुढाऱ्यांशी संबंध जोडले, आफ्रिकन मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. १९५२ ला तिथे आणीबाणी लागली, केनियाटा पकडले गेले. ब्रिटिशांना आप्पासाहेब खुपू लागले आणि १९५४ मध्ये त्यांना तिथून हलावं लागलं. पुढे १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. माझ्या मते तो माणूस तिथे सपशेल यशस्वी झाला, बदली काहीही सांगो.

आता तुझ्या आईला पटलेला मुद्दा. मोठ्या राजधानीत नवा अधिकारी फायलींच्या ढिगाखाली असतो. आफ्रिकेतल्या छोट्या दूतावासात मोजकीच माणसं, कधी एकाच राजदूताकडे शेजारचे देशही जोडलेले. इथिओपियात आदिस अबाबाचा आपला राजदूत आफ्रिकन युनियनचं, म्हणजे आफ्रिकी देशांच्या संघटनेचंही बघतो. तिथे तुरुंगात पडलेल्या खलाशाला भेटायला तुलाच जावं लागेल. आपल्या किनाऱ्यावर घराघरात कोणी ना कोणी जहाजावर आहे, तेव्हा हे तुला वेगळं सांगायला नको. २०२२ च्या ऑगस्टमध्ये 'हिरोइक इडुन' हे तेलवाहू जहाज इक्वेटोरियल गिनीने अडवलं. २६ खलाशांत १६ भारतीय. नंतर त्यांना नायजेरियाच्या ताब्यात दिलं आणि २०२३ च्या मे महिन्यात ते सुटले. तोवर दोन्हीकडच्या आपल्या कचेऱ्यांना त्यांचा पाठपुरावा करावा लागला. घरच्यांना फोनवर धीर देणं हेही याच नोकरीत येतं, आणि त्याचं प्रशिक्षण कुठे मिळत असेल असं वाटत नाही.

राहिली आजी. तिला मी सांगितलंय की राष्ट्रपतींच्या सहीचं पत्र घेऊन राजदूत परक्या देशाच्या प्रमुखाला भेटतो. त्यावर तिचा प्रश्न, "मग साडी नेसूक लागात?" तो तूच मिटव.

नेमणूक कळली की पिवळ्या तापाची लस लगेच घे. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी लागते आणि ती सगळीकडे मिळत नाही. आईने मुंबईची केंद्रं शोधून ठेवली आहेत. गणपतीला रजा मिळते का, तेही कळव.

तुझे,
बाबा