सनावळीची वही

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय विनू,

तुझं पत्र काल मिळालं. चार पानं आणि चारही पानांत एकच धसका: एमपीएससीचा इतिहास पाठ होत नाही, केलेला रात्रीतून उडून जातो. दोनशे सनांची वही केलीस म्हणतोस. वाचून जीव कासावीस झाला रे, कारण मागच्या वर्षी हीच वही माझ्या उशाशी होती.

सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेल्या दख्खनच्या उठावाचंच सांगतो. १२ मे १८७५, सुपे. (बारामती तालुक्यातलं सुपे, पारनेरचं नव्हे. इथे बरेच जण फसतात.) तारीख, गावं, आयोग, सगळं घोकलं होतं. सराव पेपरात प्रश्न आला, शेतकऱ्यांनी सावकारांचे कागदच का जाळले? मी पहिल्या ओळीत तारीख लिहिली आणि पेन थांबलं. पुढे लिहायला माझ्याकडे काही नव्हतंच.

घरी येऊन तेच प्रकरण पुन्हा काढलं, या वेळी घोकायला नाही, समजून घ्यायला. तेव्हा १८५९चा मुदतीचा कायदा नीट दिसला. कर्जखत तीनच वर्षं चालणार, म्हणजे व्याज साठत जाऊ नये, असा हेतू. सावकारानं काय केलं? तीन वर्षं भरत आली की कुळाला बोलवायचं, थकलेलं व्याज मुदलात मिसळायचं आणि नवं खत करून घ्यायचं. त्यावर पुन्हा व्याज. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याचा खाली अंगठा. विनू, अशा माणसाच्या हाती पलिता आला तर तो आधी काय पेटवेल? म्हणून ‘तीन वर्षं’ हा आकडा मी कधी विसरणार नाही. तो काढला तर उठावच कळत नाही. एकूण किती गावांत दंगा झाला, हा आकडा काढला तर काहीच अडत नाही. तो मी वहीतून खोडला.

मी आता प्रत्येक तपशिलाला हेच विचारतो, तू गेलास तर काय मोडेल? १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, इकडच्या कापसाला भाव चढला, सावकार सढळ हातानं कर्ज देऊ लागले. १८६५ला युद्ध संपलं, भाव पडले, सावकारांनी हात आखडला, आणि त्याच सुमारास फेरआकारणीत जमिनीचा सारा वाढला. हे सन वेगळे पाठ करावे लागत नाहीत. एकाचं बोट धरून दुसरा येतो.

पूर्वपरीक्षेचं थोडं वेगळं, मान्य. तिथे चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो, आणि ‘कालानुक्रमे लावा’ हा प्रश्न येऊ शकतो. पण त्याला क्रम लागतो, दिवस नाही. सार्वजनिक सभा १८७०, सत्यशोधक समाज १८७३, उठाव १८७५, शेतकऱ्याला कर्जापायी कैदेत टाकायला बंदी घालणारा कायदा १८७९. सभेनं वाढीव साऱ्याविरुद्ध चळवळ केली होती, एवढं ध्यानात असलं की ती उठावाच्या आधीच बसते. सभेच्या स्थापनेचा २ एप्रिल मात्र मी सोडून दिला. त्यापायी एखादा गुण गेला तर जाऊ दे. पण मुख्य परीक्षा आता लेखी उत्तरांची आहे, आणि तिथे ‘का’ येत नसेल तर नुसत्या तारखांवर पानं भरत नाहीत.

गेल्या महिन्यात ताईकडे बारामतीला जाताना एसटी सुप्यात थांबली. समोर एक म्हातारे बाबा भाजीच्या पाट्या उतरवून घेत होते. पाच-सात मिनिटंच थांबलो असू, पण तीन वर्षांचं ते खत मला तिथे फार जवळचं वाटलं.

आता एक कर. वही मिटून ठेव, कोरा कागद घे आणि १८५९ ते १८७९ मला पत्रातून गोष्टीसारखं सांग. जिथे अडशील तिथे रेघ मार. त्या रेघांचं काय करायचं ते आपण पुढच्या रविवारी फोनवर बसून बघू. जागरणं कमी कर. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
संजू