नवीन लॉन टाकायच्या आधी जुनं गवत हातानेच काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बागेबद्दल तुमच्या पेपरमध्ये बरंच छापून येतं पण नवीन लॉन टाकायच्या आधी तिथलं जुनं गवत कसं काढायचं यावर कोणीच नीट लिहीत नाही, म्हणून हे पत्र. सध्या सर्रास काय चालतं तर जुनं गवत मशीनने बारीक कापायचं, वर थोडी माती पसरायची आणि त्यावर नवीन लॉनचे रोल, म्हणजे मातीसकट गुंडाळून आणलेलं तयार गवत, अंथरून मोकळं व्हायचं. सुरुवातीला दिसतं छान, पण रोलच्या मुळ्यांना खाली माती लागायला पाहिजे, तिथे मिळतं अर्धवट कुजलेलं गवत, मध्ये पोकळी राहते, मुळं खाली उतरत नाहीत आणि कडा पिवळ्या पडायला लागतात. तोपर्यंत खालची हरळी, म्हणजे जुनं चिवट गवत, जोडांमधून वर येते, आणि ती उपटायला गेलं की नवीन लॉनही सोबत उचकटतं.

हरळी काय चीज आहे हे शेतकऱ्याला विचारा. वर पसरते ती वेगळी आणि जमिनीत काश्या, म्हणजे जमिनीखालची खोडं, असतात त्या वेगळ्या, पांढऱ्या, टोकदार, पेरापेराला डोळा असलेल्या. म्हणून तर रोटाव्हेटर, म्हणजे माती घुसळून बारीक करणारं यंत्र, फिरवणं मला अजिबात पटत नाही, एका काशीचे दहा तुकडे होतात आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा फुटू शकतो. लव्हाळा या दुसऱ्या तणाचंही तेच, वरून ओढला की पात हातात येते आणि गाठ खालीच राहते.

हाताने काढायचं तर आधी वाफसा बघा, म्हणजे जमिनीत ओल हवी पण चिखल नको. जमीन कडक असेल तर एक-दोन दिवस आधी पाणी द्या, चिखलात मात्र हात घालू नका. मग धारदार सपाट कुदळीने फूटभर रुंदीचे पट्टे आखून घ्या आणि कुदळ जवळजवळ आडवी धरून मुळांच्या खालून, साधारण ४-५ सेंमी खोलीवर सरकवत न्या, गवताची साल सुटून येते. ती झटकून माती तिथेच पाडा, चांगली वरची माती फेकून देणं म्हणजे शुद्ध नुकसान आहे. त्यानंतर दाताळ्याने माती उकरून काश्या आणि गाठी वेचायच्या, आणि हेच सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. शक्य असेल तर पाणी देऊन दोन आठवडे थांबा, जे राहिलंय ते स्वतःच उगवून जागा दाखवतं, तेव्हा ते मुळासकट काढा. मगच सपाटी, आणि फरसबंदीपेक्षा माती रोलच्या जाडीइतकी खाली ठेवा, म्हणजे २-३ सेंमी.

तणनाशकाचं म्हणाल तर ग्लायफोसेट मुळापर्यंत जातं हे खरं आहे, पण गवत हिरवं आणि वाढतं असावं लागतं, मरायला एक-दोन आठवडे जातात आणि मेलेला थर शेवटी खरवडून काढावाच लागतो. मैदान मोठं असेल तर गवत सोलायचं मशीन जरूर आणा, पण काश्या वेचायला माणूसच लागणार.

काढलेली साल गवताची बाजू खाली करून थप्पी लावून झाकून ठेवली की काही महिन्यांत उत्तम माती होते, फक्त हरळी आणि लव्हाळा त्यात घालू नका, ते कडक उन्हात पार वाळवा.

हे सगळं टाळलं जातं कारण काम ठरवताना फक्त लॉन टाकायचा भाव ठरतो, सफाई त्यातच धरली जाते. अहो एका चौरस मीटरची ४ सेंमी जाड साल मातीसकट ५० किलोच्या आसपास भरते, ती वाकून काढणाऱ्या माळ्याला वेगळे दिवस आणि वेगळी मजुरी मिळायलाच पाहिजे. तुमच्या बागकामाच्या पानावर एखाद्या अनुभवी माळ्याकडून ही जमीन तयार करायची माहिती फोटोंसकट छापाल का, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक