काकवीला नाशिकमध्येच गिऱ्हाईक मिळावे

महोदय,

थंडी पडू लागली की नाशिकच्या किराणा दुकानांत बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या गुळाच्या ढेपा आणि बाटलीबंद काकवी मांडली जाते. त्याच सुमारास निफाड तालुक्यात, गोदाकाठच्या ऊसपट्ट्यात, गुऱ्हाळे सुरू झालेली असतात. पण तिथली काकवी उत्पादकाच्या नावानिशी शहरात मिळणे कठीण. लहान गुऱ्हाळवाला माल व्यापाऱ्याच्या हवाली करतो, भाव व्यापारी ठरवतो आणि खाणाऱ्याला तो कुणाच्या शेतातला हे कधीच कळत नाही. ही अडचण उत्पादनाची नसून विक्रीच्या रीतीची आहे. त्या बाबतीत कॅनडा-अमेरिकेत मेपलच्या झाडाचा रस आटवून त्याचा गोड पाक, म्हणजे मेपल सिरप, बनवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांचा अनुभव आपल्याला उपयोगी पडेल, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

मेपलच्या झाडाचा रस हिवाळा सरताना, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन असे हवामान असेपर्यंतचे काही आठवडेच मिळतो. त्यात साखर जेमतेम दोन टक्के असल्यामुळे एका लिटर सिरपसाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. जगातले बहुतांश सिरप कॅनडातल्या क्युबेक प्रांतात होते. तिथे घाऊक माल उत्पादकांच्या संघटनेमार्फत विकला जातो. मात्र लहान डब्यांतले सिरप शेतकऱ्याला आपल्या दारात थेट ग्राहकाला विकण्याची मुभा आहे. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात तर मार्च महिन्यात शनिवार-रविवार ठरवून राज्यभरातले कितीतरी उत्पादक रस आटवण्याच्या आपापल्या शेड एकाच वेळी लोकांसाठी खुल्या ठेवतात. माणसे मुलाबाळांसह येतात, भट्टीवरची वाफ पाहतात, बर्फावर ओतलेल्या गरम सिरपची चव घेतात आणि जाताना डबा विकत घेतात. एकट्या शेतकऱ्याला न परवडणारी जाहिरात अशी सर्वांची मिळून होते.

गुऱ्हाळात पाहण्यासारखे त्याहून कमी नाही. चुलवणात चिपाडे पेटलेली असतात, काहिलीत रसाला उकळी फुटते, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढत राहतो. पाक गुळाइतका घट्ट होण्याच्या बराच आधी उतरवला की काकवी होते. ती नेमकी कधी उतरवायची हे तो झाऱ्यावरून ओघळणाऱ्या धारेकडे पाहून ओळखतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले गिऱ्हाईक दुकानातल्या निनावी बाटलीकडे सहसा वळणार नाही. संक्रांतीच्या आधीच्या शनिवार-रविवारी, घरोघरी तिळगुळासाठी गूळ घेतला जातो त्याच वेळी, गोदाकाठच्या गुऱ्हाळांनी मिळून असे खुले दिवस का ठेवू नयेत? वायनरी पाहायला येणाऱ्यांना तिथेच चव देऊन बाटली विकणे नाशिकला नवीन नाही.

रंगाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पिवळाधमक गूळच चांगला, अशी आपली समजूत झाल्यामुळे अनेक ठिकाणी रस आटवताना हायड्रॉस ही रासायनिक पावडर घालून गूळ उजळवला जातो आणि ती न वापरणाऱ्याचा काळपट गूळ मागे पडतो. अमेरिकेतही गडद सिरपला पूर्वी ‘ग्रेड बी’ म्हणत, त्यामुळे ते हलक्या प्रतीचे वाटे. २०१५ साली तिथली प्रतवारी बदलली आणि फिकट सोनेरीपासून अतिगडदपर्यंत प्रत्येक रंगाला चवीचे वर्णन जोडून सगळे एकाच ‘ग्रेड ए’मध्ये आणले गेले. आपल्या उत्पादकांनीही काळपट रंगाबद्दल ओशाळे न होता, उसाचा वाण, गाव, तयार केल्याची तारीख आणि ‘रसायनविरहित’ हे शब्द लेबलवर ठळक छापावेत. अर्थात असे लिहिणाऱ्याने ते पाळलेच पाहिजे आणि मालाची तपासणीही करून घेतली पाहिजे, कारण एका बाटलीत साखरेचा पाक निघाला तर साऱ्या परिसराचे नाव खराब होईल.

अन्नसुरक्षा नोंदणी, निव्वळ वजन आणि किंमत बाटलीवर हवीच. पातळ राहिलेली काकवी आंबते, तेव्हा ती पुरेशी आटवून, गरम असतानाच स्वच्छ, कोरड्या बाटलीत भरावी. मेपल सिरपही सुमारे ८२ अंश सेल्सिअसला असतानाच बाटलीबंद करतात. पाव किलोची छोटी बाटली अवश्य असावी, कारण नवे गिऱ्हाईक एकदम किलोभर घेत नाही.

मखमलाबाद आणि गंगापूर रस्त्याकडे रविवारी मिसळीसाठी जी गर्दी लोटते, तिला जेवणानंतर चमचाभर काकवी चाखायला देऊन शेजारी बाटल्या ठेवल्या, तरी विक्रीला सुरुवात होईल. २०२७ च्या सिंहस्थातही खप होईल, पण त्या गर्दीवर भिस्त ठेवू नये. महिन्याला एक बाटली नेणारी शहरातली घरे जोडणे अधिक मोलाचे आहे.

त्यासाठी महापालिकेने शेतकरी आठवडे बाजारांत गूळ-काकवी उत्पादकांना डिसेंबर ते मार्च या काळात ठरावीक आणि कायम तीच जागा द्यावी. कृषी विभागाने तालुकानिहाय गुऱ्हाळांची यादी संपर्क क्रमांकांसह प्रसिद्ध करावी आणि संक्रांतीपूर्वीच्या खुल्या दिवसांसाठी उत्पादकांची बैठक यंदाच्या दिवाळीनंतर लगेच बोलवावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक