पडदा पडल्यावर खाली कोण वाजवत असतं?

संपादक, सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरमधे मोठ्या म्युझिकलबद्दल, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या गाण्या-नाचाच्या नाटकांबद्दल, जे काही छापून येतं ते मी आवडीने वाचते, पण त्यात दर वेळी 'डोळ्यांचं पारणं फिटलं' असतंच आणि कानांचं काय झालं ते कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मागच्या महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा असं मोठं स्टेजवरचं म्युझिकल बघितलं (वय सांगत नाही, उशीरच झाला म्हणा) आणि लाजिरवाणी गोष्ट आधीच सांगून टाकते, अख्खा पहिला अंक मी समजत होते की म्युझिक रेकॉर्डेड आहे.

खरंच. दिवे मंद झाले, पडदा अजून बंदच, आणि नुसतं संगीत सुरू झालं. मला वाटलं उशिरा येणाऱ्यांसाठी टाइमपास चाललाय, शेजारचे गृहस्थ फोनवर बोलतच होते, मीही पर्समधे चष्मा शोधत बसले. ते ओव्हर्चर असतं आणि पुढे येणाऱ्या गाण्यांच्या चाली त्यात आधीच पेरून ठेवलेल्या असतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या अंकात नाटकातली आई एकटीच उभी राहून गायला लागली तेव्हा ही चाल आपल्या ओळखीची आहे असं वाटून काटा आला अंगावर, मग लक्षात आलं की हीच चाल पहिल्या अंकात मुलगी नाचत नाचत म्हणत होती. चाल तीच, फक्त लय निम्मी केली आणि मागे एकटा चेलो ठेवला, बस्स. चष्मा शोधण्यात मी काय घालवलं ते तेव्हा कळलं.

इंटरव्हलमधे पाय मोकळे करायला पुढे गेले आणि स्टेजसमोरच्या कठड्यावरून सहज खाली वाकून बघितलं तर अर्ध्या अंधारात माणसं! एक बाई व्हायोलिनच्या गजाला राळ लावत होती. एका माणसासमोर स्टँडवर बासरी, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन रांगेत उभे, तिन्ही तोच वाजवतो, आणि त्याच्या कानामागे सुताराची असते तशी पेन्सिल. ड्रमवाल्याभोवती पारदर्शक भिंत, कारण त्याचा आवाज बाकीच्यांच्या माइकमधे शिरतो. पिटच्या, म्हणजे वादक बसतात त्या खड्ड्याच्या, काही भागावर चक्क जाळी ताणलेली, वरून नाचता नाचता कुणाच्या हातातली काठी सुटली तर खालच्याच्या डोक्यात पडू नये म्हणून. आणि मागे वळून बघितलं तर बाल्कनीच्या कठड्याला छोटे टीव्ही लावलेले, त्यात फक्त कंडक्टर, म्हणजे हाताने खुणा करून सगळ्यांना ताल देणारा, दिसतो. म्हणजे नायिका माझ्या डोळ्यात बघून रडत होती असं जे मला वाटत होतं ते तसं नव्हतं, ती त्या टीव्हीत कंडक्टरचा हात बघत होती बिचारी!

आता यावर कोणी म्हणेल की लाइव्ह काय आणि रेकॉर्डेड काय, ऐकू तर स्पीकरमधूनच येतं. तेही खरंय, नटांच्या केसांच्या कडेला कपाळावर चिकटवलेला एवढासा माइक मी नंतर मुद्दाम शोधला. पण दुसऱ्या अंकात तो भला मोठा जिना सरकत यायला थोडा उशीर झाला, तेव्हा कंडक्टरने डावा हात तसाच हवेत धरून ठेवला आणि सगळे वादक चालीचे तेच दोन बार, म्हणजे दोन छोटे तुकडे, पुन्हा पुन्हा वाजवत राहिले, जिना जागेवर बसला, नट पहिल्या पायरीवर आला, आणि हात खाली. प्रेक्षकांना काही पत्तासुद्धा नाही. रेकॉर्ड केलेलं म्युझिक असं कोणाची वाट बघत नाही, नटालाच त्याच्या मागे धावावं लागतं. दम लागला असेल, सूर थोडा जास्त धरावासा वाटला, तरी नाही.

आपल्या संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला निदान डोळ्यांसमोर असतात, नट आणि साथीदार यांची नजरानजर झालेली दिसते, वन्समोअर आला की दोघांना मिळून येतो. इथे सगळं जमिनीखाली, त्यामुळे कमी केलं तरी कोणाच्या लक्षात येणार? 'द फँटम ऑफ द ऑपेरा' हे म्युझिकल न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर 1988 ते 2023 चाललं, 13,981 प्रयोग झाले, आणि पिटमधे 27 वादक. तेच लंडनला 2021 मधे पुन्हा सुरू करताना 27 चे 14 केले. त्यातलं ते प्रसिद्ध कोसळणारं झुंबर मात्र आहे! असं वादक कमी केले की बाकीच्या वाद्यांचे आवाज कीबोर्डवरून काढतात, वाईट लागत नाही ते, पण मला आता फरक कळतो असं मी उगाच लोकांना सांगत फिरतेय.

राहिला शेवट. कलाकार वाकून गेले, टाळ्या झाल्या, दिवे लागले आणि लोक उठले, पार्किंगची घाई, फोन चालू, आणि खाली ऑर्केस्ट्रा वाजवतच होता! थिएटर रिकामं करण्यासाठी लावलंय असंच सगळ्यांना वाटत असणार, पहिल्या अंकात मलाही तसंच वाटलं होतं ना. मी कठड्यापाशी गेले, तिथे माझ्यासकट मोजून सात माणसं उभी होती. शेवटचा सूर संपला, आम्ही सातजणांनी काय वाजवायच्या त्या टाळ्या वाजवल्या, तो पेन्सिलवाला क्लॅरिनेट पुसता पुसता वर बघून हसला आणि दिवा बंद करून निघून गेला.

तर विनंती एवढीच की म्युझिकलचं परीक्षण छापताना संगीत लाइव्ह आहे की टेपवर, वादक किती आणि कंडक्टर कोण ही एक ओळ टाकत जा, आणि शेवटचं संगीत संपेपर्यंत बसा हेही लिहा म्हणजे पहिल्यांदा जाणाऱ्यांना कळेल. जागा नसेल तर नायिकेच्या ड्रेसबद्दलची दोन वाक्यं कमी करा.

आपली,
एक नियमित वाचक