गोदावरीला सपाट बुडाचीच बोट हवी

संपादक महोदय,

२०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ भद्राचलमपासून नाशिकपर्यंत वाढवला. तेव्हापासून ‘गोदावरीतून कांदा जाणार’ ही चर्चा अधूनमधून रंगते. नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि जायकवाडी धरण इथे बोट वर-खाली करणारं लॉकगेट नाही. त्यामुळे नाशिकचा माल नदीने पैठणपल्याड जाणार नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. पण जिथे पाणी अडलेलं आहे तिथे पाणवेली, गाळ, निर्माल्य वाहून नेण्याचं काम बोट चोख करू शकते. त्यासाठी बूड सपाट हवं.

हिशोब सोपा आहे. २० मीटर लांब, ५ मीटर रुंद पेटीसारखी बार्ज, म्हणजे सपाट बुडाची मालवाहू बोट, घ्या. ती १ सेंमी खाली बसली की १ टन पाणी बाजूला सारते. लोखंडी सांगाडा २० टनांचा धरला तर रिकामी बार्ज २० सेंमी पाण्यात बसेल, ४० टन माल भरल्यावर ६० सेंमी. टोकं वर उचललेली असतात, म्हणून चार-पाच सेंमी जास्त धरा. त्याच लांबी-रुंदीच्या व्ही आकाराच्या बुडाला तोच भार पेलायला जवळपास दुप्पट खोली लागते. मे महिन्यात तेवढं पाणी कुठे असतं?

खरी गडबड होते ती पाणवेलींच्या कामात. पाणवेलीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ती थेट तळात ओतली की निथळलेलं पाणी खाली साचतं. या मापात ५ सेंमी साचलं तरी ५ टन झालं, आणि बार्ज जराशी कलताच ते सगळं त्याच बाजूला धावून कल वाढवतं. म्हणून तळापासून वर जाळी बसवावी, पंप सतत चालू ठेवावा आणि तळाच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, भिंतीसारखा उभा पडदा घालावा. एका पडद्याने हा परिणाम एक चतुर्थांशावर येतो. पाणी उपसायला सोयीचं म्हणून पडद्याला भोकं पाडली की पडदा असून नसल्यासारखा!

उथळ पाण्यात इंजिन ताणलं की तळाखालचं पाणी वेगाने मागे जातं, दाब घटतो आणि बोट आणखी खाली बसते. बुडाखाली किमान ३० सेंमी पाणी मोकळं ठेवून माणसाच्या चालीने जावं. बोट ढकलणारा पंखा वर उचलता येईल असा हवा, नाहीतर वेली काढायला दर थोड्या वेळाने कुणीतरी पाण्यात उतरणार.

गंगापूर धरणावर शिडाची सपाट बोट न्यायची तर प्रश्न वेगळा. किल, म्हणजे बुडाखाली उतरणारा उभा कणा, नसल्याने ती वाऱ्याबरोबर आडवी सरकते. डच आणि टेम्सच्या मालवाहू शिडबोटी यासाठी दोन्ही कुशींना फळ्या टांगत. वारा ज्या बाजूला ढकलतो त्या बाजूची फळी पाण्यात सोडत. मुलांच्या २.३ मीटरच्या ‘ऑप्टिमिस्ट’ शिडबोटीला मधोमध खाली सरकवायची फळी असते. ती पूर्ण खाली नसेल तर बोट वाऱ्यावर, म्हणजे वारा येतो त्या दिशेने, नीट चढत नाही.

प्रवासी बोटींबाबत एकच. सपाट बोट सुरुवातीला घट्ट वाटते, म्हणून सगळे बिनधास्त एका काठाला फोटोसाठी जमतात. काठ पाण्याला टेकला की मात्र ती एकदम उलटते. २०२७ च्या सिंहस्थासाठी बोटी घेताना चारही कोपऱ्यांवर भाररेषा (भरलेली बोट जास्तीत जास्त कुठवर बुडावी ती खूण) रंगवणं आणि पूर्ण प्रवासी एका बाजूला बसवून कल मोजणं, या दोन अटी निविदेतच लिहाव्यात.

— एक नौकाबांधणी व्यावसायिक, गंगापूर रोड, नाशिक